बाटली नको, हात बघ

नवीन सिस्टर सलाईन बघायला गेली की आधी मान वर करते. बाटलीत किती उरलं, थेंब पडतायत का. अगं, सलाईन आऊट झालं, म्हणजे शिरेबाहेर जायला लागलं, तरी थेंब पडत राहतात, म्हाताऱ्यांच्या सैल कातडीत तर बराच वेळ. माझ्याच नाइटला झालंय हे. आजींचा हात चादरीखाली, थेंब व्यवस्थित, मी पुढच्या कॉटकडे गेले. पहाटे मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आजींच्या बांगड्या रुतल्यात." हात कोपरापर्यंत फुगला होता.

आता सलाईन लावतानाच बांगड्या, अंगठी, गंडा उतरवायला सांगते. फेरीला चादर काढायची, दोन्ही हात शेजारी ठेवायचे आणि बोट फिरवायचं. गार आणि ताठ लागलं तर पाणी शिरेबाहेर चाललंय. गरम, दुखरं, शीर दोरीसारखी लागली तर शिरेला सूज. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात लाव आणि विचार, "दुखतंय का?" शिरेची सूज मोजायच्या 'व्हीआयपी' स्कोअरमध्ये दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन असली की 2 गुण, आणि 2 म्हणजे इंट्राकॅथ (शिरेत घातलेली बारीक प्लास्टिकची नळी) काढायचा. "सकाळी बघू" चालणार नाही.

शंका असली तर इंट्राकॅथच्या टोकाच्या वर, खांद्याकडच्या बाजूला शीर दाबून धर. थेंब थांबायला हवेत. पडतच राहिले तर आऊट. नळीत रक्त मागे आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

कॅल्शियम, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन चालू असेल तर मी फार वेळा बघते, कारण ही औषधं बाहेर गेली तर कातडी जळते. तसं वाटलं की औषध लगेच बंद. इंट्राकॅथ घाईने उपसायचा नाही, फ्लश, म्हणजे सिरिंजने पाणी आत ढकलणं, तर नाहीच. सिरिंजने येईल तेवढं मागे ओढ, हात उंच ठेव, डॉक्टरांना बोलाव.

नातेवाईक "लवकर संपू दे" म्हणून रोलर, म्हणजे नळीवरचं थेंबांचा वेग ठरवणारं चाक, सैल करतात. वयस्कर पेशंटला अचानक खोकला, धाप लागली तर आधी तो रोलर बघ.

आम्हाला खरं तर पारदर्शक ड्रेसिंग आणि बरा टॉर्च हवा. स्टोअरमधून मायक्रोपोरच (कागदी चिकटपट्टी) येतो, मग तो चिकटवताना टोचल्याच्या वरची बोटभर जागा उघडी राहील असा लाव. लहान मुलांना पट्टी बांधताना बोटांची टोकं बाहेर ठेव.

आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हरला 'सलाईन चालू' एवढं लिहिलेलं मी घेत नाही. कॉटपाशी चल म्हणते, चादर तूच काढ.