कन्व्हर्टिबल रोज वापरताय? आधी पाण्याची वाट बघा

कन्व्हर्टिबल, म्हणजे छत दुमडता येणारी गाडी, रोज वापरायची म्हटलं की सगळे छताच्या कापडाची काळजी करतात. माझ्या मते त्याहून जास्त लक्ष पाण्याच्या वाटेकडे द्यायला हवं. छतावरून ओघळलेलं पाणी कडेच्या पन्हळीत उतरतं आणि बारीक नळ्यांमधून गाडीखाली बाहेर पडतं. माझदा एमएक्स-५ मध्ये या नळ्यांची तोंडं सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानांचा चुरा तिथे साचतो, पाणी तुंबतं आणि कार्पेटखाली मुरतं. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्सटरमध्ये तर इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखण्यासाठी इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, युनिट सीटखालीच आहे; ते भिजलं तर गाडी सुरूच होत नाही!

म्हणून अधूनमधून नळीच्या तोंडाशी कपभर पाणी हळूहळू ओता. खाली लगेच धार लागली तर वाट मोकळी आहे. नाहीतर जाडसर, लवचिक नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत फिरवा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मात्र मारू नका, नळी जागेवरून निसटू शकते.

आणि ओलं छत दुमडून ठेवू नका, बुरशी धरते. घाईत दुमडावंच लागलं, तर घरी पोहोचल्यावर पुन्हा ताणून वाळू द्या.