आखातातून मुंबईला कायमचं परतताना: टॅक्सची तयारी

पैसे भारतात पाठवले म्हणून टॅक्स लागतो, ही भीती आधी डोक्यातून काढा. दुबई-दोहाचा पगार तिथल्या खात्यात जमा झाला आणि मग तुम्ही तो मुंबईला पाठवलात, तर ते पाठवणं म्हणजे उत्पन्न नव्हे. टॅक्स ठरतो तो त्या आर्थिक वर्षात तुम्ही रहिवासी की अनिवासी यावर, आणि ते मुख्यतः ठरतं भारतातल्या दिवसांवरून. म्हणून बँकेत जाण्याआधी पासपोर्ट काढा.

रद्द झालेलेसुद्धा काढा, दहा वर्षांचे. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरून इथले दिवस वहीत मांडा. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजा. उगाच वादाला जागा नको. ई-गेटमधून गेलात तर शिक्का पडत नाही, तेव्हा बोर्डिंग पास आणि तिकिटांचे ईमेल जपून ठेवा. गणपती, मे महिना, भाचीचं लग्न करता करता दिवस कधी साठतात ते कळतही नाही.

परतायची तारीख तुमच्या हातात असेल तर फेब्रुवारी-मार्च बघा. वर्षात १८२ दिवस भरले की रहिवासी झालातच. पण मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढले असतील, तर त्या वर्षीचे ६० दिवसही पुरतात. सुट्टीवर येणाऱ्याला यात सवलत आहे, कायमचं येणाऱ्याने ती गृहीत धरू नये. त्याच वर्षी आधी सुट्टीला येऊन गेला असाल तर तेही दिवस यातच.

रहिवासी ठरलात म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी होतात, किंवा मागच्या सात वर्षांत इथे एकूण ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिलात, तर तुम्ही आरएनओआर, म्हणजे रहिवासी खरे, पण ‘सामान्य रहिवासी’ नव्हे. तोवर तिकडच्या ठेवींचं व्याज किंवा घरभाडं तिकडेच मिळत असेल तर इथे टॅक्स नाही. ही मुभा संपली की मात्र परदेशातली खाती रिटर्नमध्ये दाखवावीच लागतात, त्यात कमाई शून्य असली तरी. न दाखवल्यास दंड १० लाखांचा असू शकतो, हे कुणी आपणहून सांगत नाही.

ग्रॅच्युइटी आणि शेवटचा हिशेब तिथल्याच खात्यात घ्या, थेट इथे नको. अनिवासी माणसाचं उत्पन्न पहिल्यांदा भारतात हाती पडलं तर त्यावर टॅक्सचा प्रश्न निघतो. परदेशी जाणाऱ्या जहाजावरच्या अनिवासी खलाशांना एनआरई खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) येणाऱ्या पगारापुरता २०१७ च्या परिपत्रकाने दिलासा दिला, तो सरसकट सगळ्यांना नाही. तिकडचं खातं बंद करण्याआधी पगाराचा दाखला, करारपत्र आणि स्टेटमेंट काढून घ्या. पैसे पाठवलेल्या मनी एक्स्चेंजच्या पावत्यांचे फोटो काढा. त्या थर्मल कागदावरची अक्षरं मुंबईच्या दमट कपाटात फार टिकत नाहीत.

परतलात की बँकेला लगेच कळवा. एनआरई खात्याचं व्याज करमुक्त असतं ते तुम्ही बाहेर राहता तोवर. परतल्यावर ते खातं साधं रहिवासी खातं करा किंवा पैसे आरएफसी खात्यात (परतलेल्यांचं परकीय चलनातलं खातं) वळवा. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव) मुदतीपर्यंत ठेवता येते, आणि आरएनओआर असेपर्यंत तिचं व्याज करमुक्त राहतं. घाईने मोडू नका.

बोरिवली-मुलुंडचा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्या भाड्यावर इथे टॅक्स आहेच. मालक अनिवासी असताना भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच टॅक्स, कापायचा असतो. बरेच जण तो कापतच नाहीत. मागचं तपासा, आणि आता परत आलात हे भाडेकरूला लेखी कळवा.

आईवडिलांना, बायकोला, भावाला पाठवलेल्या पैशावर त्यांना टॅक्स नाही. मित्राच्या खात्यात ठेवायला दिलेत आणि वर्षात ५० हजारांच्या वर गेलात, तर ते त्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. परतण्याआधी तो व्यवहार कागदावर मिटवा.