डिजिटल गिटार अ‍ॅम्पसाठी पॉवर्ड स्पीकर घेताना आणि लावताना या चुका टाळा

गणेशोत्सव आटोपला की रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यातील गिटार वाजवणाऱ्या मुलांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. घरी हेडफोनवर भरदार वाटणारा आवाज मंडपात नव्या पॉवर्ड स्पीकरवर (ज्याच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो) लावला की एक तर डबा वाजवल्यासारखा घुमतो, नाही तर कानाला टोचतो, आणि मग महिनाभरात तो स्पीकर विकायला निघतो. अशा बऱ्याच तक्रारींची जागेवर जाऊन तपासणी केल्यावर माझे मत असे झाले आहे की, दहापैकी आठ वेळा दोष स्पीकरमध्ये नसून प्रोसेसरपासून, म्हणजे डिजिटल गिटार अ‍ॅम्पपासून, स्पीकरपर्यंतच्या वाटेत असतो. पैसे पुन्हा खर्च करण्यापूर्वी ही वाट एकदा नीट तपासून पाहावी, यासाठी हा लेख लिहीत आहे.

कॅबिनेट दोनदा लागते, किंवा एकदाही लागत नाही

ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो. पारंपरिक गिटार अ‍ॅम्पच्या खोक्यातील, म्हणजे कॅबिनेटमधील, स्पीकर आलेला सिग्नल जसाच्या तसा ऐकवत नाही. तो स्वतःच एक गाळणी असतो. उदाहरणार्थ, सेलेशन कंपनीचा प्रसिद्ध व्हिंटेज ३० हा बारा इंची स्पीकर साधारण ७० ते ५००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात काम करतो आणि त्यापुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाडण्यातून) निर्माण होणारी वरच्या पट्टीतील खरखर या उताराने आपोआप गाळली जाते, आणि आपण ज्याला ‘गिटारचा आवाज’ म्हणतो तो त्या गाळण्यानंतर उरलेला आवाज असतो. फुल-रेंज पॉवर्ड स्पीकर मात्र जवळजवळ २०,००० हर्ट्झपर्यंत सर्व काही वाजवतो, कारण तो गाणे, सिंथेसायझर, रेकॉर्ड केलेले संगीत असे सगळे ऐकवण्यासाठी केलेला असतो. त्यामुळे गाळण्याचे काम प्रोसेसरमधील कॅबिनेट ब्लॉकने (कॅबिनेटची नक्कल करणाऱ्या भागाने) किंवा आयआरने करावे लागते. आयआर म्हणजे एखाद्या कॅबिनेटसमोर मायक्रोफोन ठेवून घेतलेला त्या कॅबिनेटच्या गुणधर्माचा ठसा.

हा ब्लॉक बंद राहिला तर गांधीलमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज येतो. उलट, ब्लॉक चालू ठेवून सिग्नल खऱ्या गिटार कॅबिनेटला दिला तर गाळणी दोनदा लागते आणि तोंडावर घोंगडी धरून बोलावे तसा आवाज दबतो. तपासणी सोपी आहे: वाजवत असतानाच कॅबिनेट ब्लॉक बंद-चालू करून पाहावा. चालू-बंद करूनही काहीच फरक पडत नसेल, तर प्रोसेसरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये त्या आउटपुटपुरते कॅबिनेट बंद केलेले आहे का, ते बघावे. हेलिक्स, केम्पर यांसारख्या प्रोसेसर यंत्रांचा उपयोग कधी गिटार कॅबिनेटवर, कधी मिक्सरवर होत असल्यामुळे अशा निवडी प्रत्येक यंत्रात कुठे ना कुठे दिलेल्या असतात, आणि जुन्या मालकाने केलेली निवड सेकंडहँड यंत्रात तशीच राहून जाते.

येथे एक अपेक्षाही सुधारून घ्यावी लागते. आयआरमधून येणारा आवाज हा मायक्रोफोनने टिपलेला आवाज असतो. खोलीत अ‍ॅम्पपासून चार पावलांवर उभे राहून ऐकताना जो धक्का छातीला जाणवतो, तो त्यात नसतो. रेकॉर्डिंगमधील गिटार जशी ऐकू येते तसा तो ऐकू येतो. हे समजून न घेता अनेक जण स्पीकरमागून स्पीकर बदलतात. इक्वलायझरशी झगडत बसण्याआधी आयआर बदलून पाहावे, आणि त्यानंतर लो-कट (खालची पट्टी गाळणारा) ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास व हाय-कट (वरची पट्टी गाळणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ती ८२ हर्ट्झवर बोलते. त्याखाली जे काही ऐकू येते ते बहुतेक लाकडी स्टेजचा घुमारा असतो.

घरच्या आवाजावर बांधलेले प्रीसेट

बेल लॅबोरेटरीजमधील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना मानवी कानाला खर्जातील स्वर प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा बरेच कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा होऊ लागला की हा फरक कमी होत जातो. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. रात्री वाडीतील माणसे झोपल्यावर बारीक आवाजात प्रीसेट (प्रोसेसरमध्ये साठवलेली आवाजाची जुळणी) तयार करताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो. तेच प्रीसेट मंडपात मोठ्या आवाजावर लावले की बेस घोंगावतो, वरची पट्टी टोचते, आणि गाण्याला आधार देणारा मधला भाग हरवतो. शिवी मात्र स्पीकरला बसते.

यावर उपाय एकच आहे: ज्या आवाजात वाजवायचे त्याच आवाजात प्रीसेट बांधावे. घरी ते जमत नाही, हे खरे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, मंडपात गर्दी नसताना, गायक आणि ऑक्टापॅडवाला सोबत असताना अर्धा तास मागून घेणे कोणालाही शक्य आहे. त्या अर्ध्या तासात बेस कमी करून मिड (मधली पट्टी) थोडा वाढवला तर गिटार एकटी वाजवताना रोडावल्यासारखी वाटेल, परंतु गाण्यात ती नेमकी ऐकू येईल. मी स्वतः प्रत्येक प्रीसेटच्या दोन प्रती ठेवतो, एक घरची आणि एक मंडपातली.

खोक्यावरचे वॅट

दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॅट?’ हाच असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो, सतत मिळणाऱ्या शक्तीचा नव्हे. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून ५०० आणि १००० वॅटच्या स्पीकरमधील फरक किमतीत जेवढा दिसतो तेवढा कानाला ऐकू येत नाही. त्याऐवजी कमाल एसपीएलचा (आवाजाच्या पातळीचा, डेसिबलमधील) आकडा पाहावा आणि तो १ मीटरवर मोजलेला आहे हे लक्षात ठेवावे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल घटतात, म्हणजे ४ मीटरवर १२ डेसिबल कमी. फक्त गिटारसाठी चांगल्या प्रतीचा दहा इंची स्पीकर पुरतो असे माझे मत आहे. त्याच स्पीकरवर बेस गिटारही वाजवायची असेल, तर मात्र तिची जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरत असल्याने बारा इंचाखाली जाऊ नये.

मागच्या पॅनेलकडे न बघणे

रत्नागिरीजवळच्या एका मंडळात आमच्या गिटारचा आवाज विनाकारण पोकळ येत होता. आयआर बदलले, प्रीसेट बदलले, तरी तेच. शेवटी टॉर्च घेऊन स्पीकरच्या मागे पाहिले तेव्हा कळले की, भाड्याने आणलेल्या त्या स्पीकरवर पार्टीसाठीचा बेस-ट्रेबल फुगवणारा मोड लावलेला होता. पॉवर्ड स्पीकरमध्ये असे तयार मोड सर्रास असतात. यामाहाच्या डीएक्सआर मालिकेत डी-कंटूर नावाच्या बटनात मुख्य स्पीकर, मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचे ऐकू यावे म्हणून लावलेला स्पीकर) आणि बंद असे तीन पर्याय आहेत. प्रोसेसर जोडताना हा मोड फ्लॅट किंवा बंद ठेवावा, मगच कानावर विश्वास ठेवावा.

माइक आणि लाइन यांमधील निवडही तेथेच असते. प्रोसेसरचा लाइन दर्जाचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार, सिग्नल माइकवर लावलेल्या इनपुटला दिला, तर स्पीकरच्या सुरुवातीलाच तो फाटतो, आणि प्रोसेसरमध्ये कितीही शोधले तरी ती फाटाफूट सापडत नाही. लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रथम हे बटन बघावे.

५० हर्ट्झची घरघर ऐकू आली की प्रोसेसर आणि स्पीकर यांना वीज एकाच बोर्डवरून द्यावी, दोघांमध्ये बॅलन्स्ड केबल (बाहेरची घरघर रोखणारी केबल) वापरावी आणि प्रोसेसरवर ग्राउंड लिफ्टचे (फक्त सिग्नलच्या केबलमधील ग्राउंड तोडणारे) बटन असल्यास ते दाबून पाहावे. पिनची अर्थिंगची कांडी तोडून घरघर घालवण्याचा प्रकार मी अनेक मंडपांत पाहिला आहे. पावसात ओल्या जमिनीवर उभे राहून हातात धातूच्या तारा धरणाऱ्या माणसाने हे कदापि करू नये. मंडपाच्या तात्पुरत्या वायरिंगला अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

जागा आणि हवा

चिऱ्याच्या भिंती, फरशीची जमीन आणि वर पत्रा असलेल्या सभागृहात कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो. तो भिंतीपासून दूर, स्टँडवर कमरेच्या वर ठेवावा. मॉनिटरसारखा तिरका जमिनीवर ठेवायचा असेल तर बेस कमी करावा आणि हॉर्नचा (वरची पट्टी वाजवणाऱ्या भागाचा) रोख पोटऱ्यांकडे नव्हे, कानाकडे आहे याची खात्री करावी.

किनाऱ्यावरची खारट, दमट हवा जॅकचे आणि एक्सएलआरचे (तीन पिनांच्या जोडणीचे) टोक काही महिन्यांत काळवंडवते, आणि त्यातून येणाऱ्या खरखरीला लोक स्पीकर फुटला असे समजतात. प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवलेल्या स्पीकरला आतून घाम सुटतो. त्याऐवजी सुती खोळ वापरावी, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास तो वाजवावा, आणि सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. खरेदीपूर्वी दुरुस्ती कोठे होते हेही विचारून घ्यावे, कारण स्पीकर मुंबईला किंवा घाट चढून कोल्हापूरला पाठवावा लागणार असेल, तर ऐन भाद्रपदात तो हाताशी नसेल.

दुकानात जाताना आपला प्रोसेसर, आपली गिटार आणि मंडपासाठीची प्रीसेटची प्रत बरोबर न्यावी, मोड फ्लॅट करून घ्यावा, आणि दोन-तीन मीटर मागे सरकून, नेहमी वाजवतो तेवढ्या आवाजात किमान एक पूर्ण गाणे वाजवावे. दुकानदार तेवढा आवाज करू देत नसेल, तर ती खरेदी त्या दिवशी करू नये.