गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय अहवाल कसा वाचावा

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. तेथील कर्करोग बायोप्सीतून निश्चित झाल्यावर ओटीपोटाचा एमआरआय सांगितला जातो. फुफ्फुसे आणि यकृत तपासण्यासाठी सीटी स्कॅन वेगळा करावा लागतो.

तपासणीपूर्वी पेसमेकर किंवा शरीरातील धातूची माहिती तंत्रज्ञाला द्यावी. आतड्याची हालचाल थांबवणारे इंजेक्शन काही ठिकाणी देतात, म्हणून काचबिंदू असल्यास तेही सांगावे. चित्रे गाठीच्या अक्षाला काटकोनात, ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांत घेतलेली असावीत, कारण तिरक्या छेदात गाठीची कड पुसट दिसते आणि ती प्रत्यक्षापेक्षा खोल गेल्याचा भास होतो.

अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी गाठीच्या लांबीवर जाते. निर्णयाच्या दृष्टीने ती दुय्यम आहे. गुदाशयाभोवती चरबीचा थर असतो आणि त्यावर मेसोरेक्टल फॅशिया नावाचा पातळ पडदा असतो. सर्जन या पडद्यासकट सगळा भाग अखंड काढतो, त्यामुळे गाठ पडद्यापासून किती दूर आहे, हा आकडा प्रथम शोधावा. हे अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर शस्त्रक्रियेत कडेला कर्करोग उरण्याची भीती असते आणि सहसा आधी रेडिएशन व केमोथेरपी देऊन गाठ आक्रसवली जाते. त्यानंतर गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर किती मिलिमीटर गेली आहे आणि भिंतीबाहेरच्या शिरांत शिरली आहे का, हे पाहावे. अहवालात शिरांचा हा उल्लेख ईएमव्हीआय असा येतो. गाठ गुदद्वाराजवळ असेल, तर मल रोखून धरणारे स्नायू गाठीपासून मुक्त आहेत की नाहीत यावर कायमचा स्टोमा (मल बाहेर येण्यासाठी पोटावर केलेले छिद्र) लागेल का, हे बरेचसे ठरते.

लिम्फ नोड (लहान लसिकाग्रंथी) यांविषयीच्या ओळी मात्र थोड्या सावधपणे वाचाव्यात. नोड मोठा दिसला म्हणून त्यात कर्करोग असेलच असे नाही, आणि लहान नोडमध्येही तो असू शकतो. त्याची कड आणि आतील पोतही पाहावा लागतो.

रेडिएशननंतर काही आठवड्यांनी एमआरआय पुन्हा करतात. तेव्हा उरलेली गाठ आणि व्रणाची ऊती यांतील फरक जुन्या चित्रांशेजारी ठेवूनच नीट कळतो, म्हणून पहिल्या तपासणीची सीडी सोबत न्यावी.