वडील गेल्यावर पैसे मागायला लोक दारात आले तर काय करायचं

आमचे आप्पा गेले आणि बाराव्याला, अजून पाहुणे उठले पण नव्हते, एकजण उंबऱ्यात येऊन आईला म्हणाला तुमच्या मालकांनी माझ्याकडून दीड लाख घेतलेले. आई पदर डोळ्याला लावून नुसती मान हलवत होती. म्हणून सगळ्यात आधी हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, त्या दिवसांत कुणाला हो म्हणायचं नाही, नाही पण म्हणायचं नाही आणि सही तर कशावरच नाही. "कागद घेऊन महिन्याने या, बघून सांगतो", एवढंच बोलायचं.

कर्ज वडिलांच्या इस्टेटीवर असतं, तुमच्या डोक्यावर नाही. त्यांनी 5 लाखाचं मागे ठेवलं आणि देणं 8 लाख असलं तर 5 लाखापर्यंतच, तुमचा पगार, बायकोचं सोनं त्यात येत नाही. बापाचं कर्ज पोराने फेडायचंच हा हिंदू कायद्यातला जुना नियम 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांना लागू नाही. पण तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर सुटका नाही, आणि आपल्याकडे सोसायटीत कोण कुणाला जामीन नसतं!

मग कागद गोळा करा. मृत्यूचा दाखला 8-10 प्रती, नाडकचेरीतून (आमच्या कर्नाटकात तहसीलदाराच्या हाताखालचं महसुलाचं ऑफिस) वंशावळ. शेतीचा उतारा काढा आणि 11 नंबरचा कॉलम बघा, कृषी पत्तीनचा (शेतीला कर्ज देणारी गावची सोसायटी) नाहीतर बँकेचा बोजा असला तर तिथं दिसतो. जमीन, घर गहाण असेल तर ते कर्ज त्या मालमत्तेबरोबरच येतं, ते टाळता येत नाही. बँकेचं पासबुक बारीक बघा, वर्षाला 436 रुपये कट झालेले दिसले तर 2 लाखाचा विमा असू शकतो, लगेच क्लेम टाका. कर्जाबरोबर विमा काढलेला का तेही विचारा.

आता हातउसने. साध्या उसनवारीला आणि प्रॉमिसरी नोटला (पैसे परत देतो असं सही करून दिलेला कागद) कोर्टात दावा लावायची साधारण 3 वर्षांची मुदत असते. मुदत संपायच्या आत तुम्ही "देणं आहे" असं लिहून दिलं तर ती नव्याने सुरू होते, म्हणून तर सही नको म्हणालो. मुदत संपल्यावरही फेडायचं लिहून दिलंत तर पुन्हा अडकाल. मूळ कागद मागा, व्याज कसं लावलंय विचारा, व्याजाने पैसे देणाऱ्याकडे सावकारीचं लायसन आहे का तेही.

मायक्रो फायनान्सवाले सकाळी 9 च्या आधी, संध्याकाळी 6 नंतर वसुलीला येऊ शकत नाहीत. दमदाटी झाली तर थेट पोलिसात जा, त्यासाठी 2025 मध्ये कर्नाटकात वेगळा कायदाच झालाय. नोटीस कानडीत आली म्हणून कपाटात टाकू नका, वाचून घ्या आणि तारीख चुकवू नका. आईच्या नावावर आली असेल तर कायदा सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.

आणि देणी मिटायच्या आधी वाटणी करू नका. इस्टेटीतला पैसा कुठं गेला याचा हिशोब दाखवता आला नाही तर तेवढ्यापुरती वसुली तुमच्या खिशातून होऊ शकते, म्हणून दवाखाना, दिवसकार्य सगळ्याच्या पावत्या एका वहीत लावा.

त्या दीड लाखाचं सांगायचं राहिलं. आप्पांची डायरी काढली तर दीड लाखाची नोंद खरीच होती, पण खाली लाल पेनने 90 हजार परत दिल्याचं तारखेसकट, आणि शेजारी त्या माणसाची सही. राहिलेले 60 हजार आम्ही चेकने दिले, मूळ कागद परत घेतला आणि त्याच्यावर त्याच्याच हाताने "सगळे पैसे पोचले" लिहून घेतलं.