शोकेसमधल्या फिगरचा चिकटपणा असा गेला

सांगलीत ऊसतोड सुरू झाली की पाचट जाळल्याची काजळी घरात येतेच. पण माझ्या फिगरवर, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या शोभेच्या छोट्या पुतळ्यांवर, ती नुसती बसत नव्हती, चिकटत होती. कोरड्या ब्रशने पसरायची. ओल्या फडक्याने पुसलं तरी काही दिवसांत पुन्हा तेच. नुसता वैताग.

दोष धुळीचा नव्हताच. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतं, उन्हाळ्यात जास्तच. बंद काचेच्या कपाटात ते तिथेच साठतं.

आधी मऊ मेकअप ब्रशने वरून खाली सुटी धूळ काढली, नाहीतर चोळताना ओरखडे पडतात. सुटे होणारे भाग वेगळे केले. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून, लहान मुलांच्या टूथब्रशने हलकेच घासलं. कढत पाणी नको, पातळ भाग वाकतात. स्टिकर किंवा कापडी कपडे असलेली फिगर बुडवायची नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, रंग उतरतो. मग साध्या पाण्याने धुऊन, सुती फडक्याने टिपून, सांध्यांतलं पाणी सुकेपर्यंत पंख्याखाली सावलीत ठेवलं.

शोकेस पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवरून हलवलं. दार अधूनमधून उघडं ठेवतो. धूळ येणारच, असं आई म्हणते. येते, पण आता ब्रश फिरवला की निघते.