पुंगळ्या मिसळल्या की ग्रुप उभा पसरतो

आधीच सांगतो, उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या (पितळी नळ्या) परत भरायचं हे काम इकडे टेक्सासमधलं आहे, भारतात आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतुसं भरायचीच नाहीत.

मी .३०८ विंचेस्टर ही रायफलची काडतुसं भरतो. १०० यार्डाला ग्रुप (निशाण्यावर लागलेल्या गोळ्यांचा झुबका) मस्त यायचा, ३०० ला गेलं की गोळ्या वरखाली पसरायच्या, आडव्या नाही, उभ्याच, म्हटलं स्कोप सैल असेल, पावडरचा लॉट बदलला म्हणून असेल, सगळं तपासून झालं आणि शेवटी पुंगळ्यांच्या बुडाचे शिक्के बघितले तर तीन कंपन्यांचं ब्रास, म्हणजे पुंगळ्या, एका डब्यात!

बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, फरक आत असतो. अमेरिकेतल्या लेक सिटी कारखान्याची मिलिटरी पुंगळी रिकामी वजनाला साधारण १८० ग्रेन (वजनाचं बारीक एकक) भरते, विंचेस्टरची १६० च्या आसपास. म्हणजे भिंत जाड, आतली जागा कमी, आणि तेवढ्याच पावडरला प्रेशर जास्त, वेगही जास्त, त्यामुळे लांबवर काही गोळ्या वर लागतात, काही खाली. म्हणून हलक्या पुंगळीतला कमाल लोड (पावडरचं माप) जाड पुंगळीत तसाच ओतायचा नाही, खाली उतरून परत हळूहळू वर यायचं, इथे हयगय केली तर रायफल आणि डोळे दोन्ही जातील.

तर पहिलं काम, शिक्क्याप्रमाणे वेगळं करा. मग प्रत्येक ढिगातल्या पाच-पाच उडवलेल्या पुंगळ्या घ्या, जुना प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) काढू नका, कोरड्या असताना वजन करा, ड्रॉपरने तोंडापर्यंत पाणी भरा, आत अडकलेला बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढा, पाण्याचा फुगवटा टिश्यूने टिपून पातळी सपाट करा आणि परत वजन. फरक आला ती आतली जागा, .३०८ ला साधारण ५५-५६ ग्रेन पाणी बसतं. नुसत्या कोरड्या वजनावर मी फार विश्वास ठेवत नाही कारण बुडाच्या कडेचं (रिम) आणि तिच्या वरच्या खाचेतलं ब्रासही त्यात मोजलं जातं, त्याचा आतल्या जागेशी काही संबंध नाही.

मिलिटरी ब्रासला प्रायमरभोवती क्रिंप (प्रायमर दाबून धरणारी आत वळवलेली कड) असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. पुंगळीची लांबी २.०१५ इंचापुढे जाऊ द्यायची नाही, मी २.००५ ला ट्रिम करतो, म्हणजे कापून घेतो. पुंगळीच्या मानेची (गोळी धरणारा तोंडाकडचा भाग) जाडी एका बाजूला कमी-जास्त असेल तर गोळी तिरकी बसते, आणि मान चार-पाच वेळा भरून कडक झाली की प्रत्येक पुंगळी गोळीला वेगळ्या जोराने धरते, तेव्हा अ‍ॅनिलिंग करून घ्या, म्हणजे तापवून मान परत मऊ करा.

डब्यावर शिक्का आणि किती वेळा भरलं ते लिहा. रेंजवर एखादी गवतात हरवली तर दुसऱ्या ढिगातली उचलून पन्नास पूर्ण करू नका, ४९ चाच डबा राहू दे.